छातीवरचा तारा आणि बारा फ्रँक

फ्रान्समध्ये ल्यों शहराच्या उत्तरेला आर्स नावाचं एक खेडं आहे. १८१८ मध्ये जाँ-मारी व्हियाने तिथे धर्मगुरू म्हणून रुजू झाले, तेव्हा गावची वस्ती सव्वादोनशेच्या आसपास होती. लॅटिनमध्ये इतके कच्चे, की हे कधी धर्मगुरू होतील याचीच शंका होती. पुढे मात्र त्यांच्यापाशी पापनिवेदनासाठी येणाऱ्यांची अशी रीघ लागली, की दिवसाचे सोळा-सोळा तास ते त्या लाकडी कोठीत बसून असत. वसईच्या ख्रिस्ती घरांत ‘संत जॉन मेरी व्हियानी’ म्हणून ओळखले जातात ते हेच.

१८५५ साली सम्राट तिसऱ्या नेपोलियनने त्यांना ‘लिजन ऑफ ऑनर’ हा फ्रान्सचा सर्वोच्च राष्ट्रीय किताब दिला. बातमी कळल्यावर व्हियाने यांनी एकच विचारलं: याबरोबर काही पैसे मिळतात का, गोरगरिबांना वाटायला? नाही, हा केवळ मान आहे, असं उत्तर आलं. मग सम्राटांना कळवून टाका, मला नको, असं म्हणून ते कामाला लागले. त्यानंतर सरकारी खाक्याप्रमाणे पत्र आलं, की पदक पाठवण्याच्या खर्चापोटी बारा फ्रँक भरावेत. बारा फ्रँकांत गावातल्या एखाद्या गरीब घराची सोय होईल, ती सोडून मी धातूचा तुकडा विकत घेऊ? त्यांनी छदामही दिला नाही. शेवटी परस्पर काहीतरी व्यवस्था होऊन डबी पोचली. आत एखाद्या संताचे अवशेष असतील या आशेने त्यांनी ती उघडली, आतला तारा पाहिला आणि आपल्या सहायक धर्मगुरूच्या हातात ठेवून दिला. याआधी बिशपांनी त्यांच्या खांद्यावर सन्मानाची रेशमी झूल चढवली होती, तीही त्यांनी पन्नास फ्रँकांना विकून टाकली होती. सम्राटाचा तारा त्यांच्या अंगावर यायला १८५९ साल उजाडावं लागलं. तोही अंगावर नव्हे, शवपेटीवर.

ही गोष्ट संतचरित्रात शोभणारी आहे, पण माझं लक्ष दुसरीकडे जातं. सम्राटाला एका खेडेगावच्या पाद्र्याच्या छातीवर आपला तारा का हवा होता?

लिजन ऑफ ऑनर हे इंग्रजी वळणाचं नाव; फ्रेंच उच्चार साधारण ‘लेझ्याँ दॉनर’ असा. किताबाच्या पाच पायऱ्या आहेत: शेव्हालिए म्हणजे अगदी पहिली, मग ऑफिसर, कमांडर, ग्रँड ऑफिसर आणि सर्वांत वर ग्रँड क्रॉस. रोजच्या वापरात तारा कोणी लावत नाही. कोटाच्या काजात बारीकशी लाल फीत असली तर शेव्हालिए, आणि लाल गोल फूल असलं तर ऑफिसर. मुरलेला फ्रेंच माणूस हस्तांदोलन करता करता समोरच्याची ही पायरी वाचून घेतो. आपल्याकडच्या रावसाहेब-रावबहादूर मंडळींसारखं नावाच्या आधी काही चिकटवायची सोय मात्र नाही, म्हणून सगळा भार त्या दोन मिलिमीटर फितीवर.

फ्रान्समध्ये किताब नेपोलियनच्या आधीही होते, आणि ते माणसाचा धर्म विचारून मिळत. १५७८ मध्ये तिसऱ्या हेन्रीने स्थापलेला ‘पवित्र आत्म्या’चा किताब हा सगळ्यांत मोठा. सभासद फक्त शंभर. त्यांत आठ जागा कार्डिनल आणि बिशपांसाठी राखलेल्या. बाकीच्यांचं घराणं खानदानी असलं पाहिजे आणि धर्म कॅथलिकच असला पाहिजे. या किताबाची फीत निळी होती. स्वयंपाकातल्या निष्णात माणसाला आजही ‘कॉर्दाँ ब्ल्यू’, म्हणजे निळी फीत, म्हणतात ते त्यावरूनच. १६९३ मध्ये चौदाव्या लुईने सैन्यातल्या अधिकाऱ्यांसाठी ‘सेंट लुई’चा किताब काढला. त्याची फीत लाल. खानदानाची अट त्याने काढली, पण कॅथलिक असण्याची ठेवली.

इथे घोडं अडलं. फ्रान्सच्या राजाच्या पदरी स्विस आणि जर्मन पलटणी होत्या आणि त्यांचे कित्येक अधिकारी प्रोटेस्टंट. त्यांनी रक्त सांडायचं ते राजासाठी, पण पदक घ्यायची वेळ आली की धर्म आडवा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. १७५९ मध्ये पंधराव्या लुईने तोड काढली. या परदेशी प्रोटेस्टंटांसाठी ‘सैनिकी गुणवत्ते’चं वेगळं पदक सुरू झालं, निळ्या फितीचं, आणि त्यावर संताचं नाव-चित्र काही नाही. म्हणजे ‘गुणवत्ता’ हा शब्द फ्रान्सच्या राजकिताबांत शिरला तो गुणांची कदर म्हणून नव्हे, तर संताचं नाव वापरता येत नव्हतं म्हणून! मला हा तपशील फार आवडतो. आज जगभर ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ नावाचे डझनावारी किताब आहेत, त्यांच्या पूर्वजांत ही एक अडचणीतून निघालेली पळवाट आहे.

क्रांती झाली आणि १७९१ मध्ये असे जवळजवळ सगळे किताब रद्द झाले. सगळे नागरिक सारखे, मग कोणाच्या छातीवर काय म्हणून चमकायचं? हा ताठा अकरा वर्षं टिकला.

१८०२ च्या वसंतात नेपोलियन बोनापार्ट अजून सम्राट नव्हता, ‘पहिला कॉन्सल’ होता. त्या वसंतात त्याने दोन गोष्टी पाठोपाठ केल्या. १८ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, पोपबरोबरचा समझोता जाहीर करून नोत्र-दामच्या चर्चमध्ये थाटात मिस्सा झाली. क्रांतीने देशोधडीला लावलेला चर्च पुन्हा मानाने घरात आला. आणि १९ मे रोजी लिजन ऑफ ऑनरचा कायदा झाला. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन घटना वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. माझ्या मते त्या एकाच चालीचे दोन हात आहेत. समझोत्याप्रमाणे बिशपांची नेमणूक राज्यकर्ता करणार, पगार सरकारी तिजोरीतून, आणि रुजू होताना निष्ठेची शपथ सरकारला. थोड्याच वर्षांत प्रोटेस्टंट पाळकांची आणि ज्यूंच्या धर्मसंस्थेचीही सरकारदरबारी अशीच घडी बसवली गेली. बिशप हा जवळजवळ जिल्ह्याच्या कलेक्टरसारखा झाला. मग कलेक्टरला, सेनापतीला, शास्त्रज्ञाला जो तारा, तोच बिशपलाही देण्यात अडचण कसली? जुन्या किताबात आठ जागा धर्माधिकाऱ्यांना ‘राखीव’ होत्या. नव्या किताबात राखीव काहीच नव्हतं, आणि धर्म कोणता हेही कोणी विचारत नव्हतं. सेवा कोणाची केली एवढंच विचारत होते. उत्तर अर्थातच ‘राज्याची’ असायला हवं होतं.

हा कायदा मात्र सुखासुखी झाला नाही. राज्यपरिषदेत बेर्लिए नावाच्या सभासदाने तोंडावर सांगितलं, की फिती आणि क्रूस ही राजेशाहीची खेळणी आहेत. नेपोलियनने खेळणी हा शब्द नाकारला नाही. खेळण्यांनीच माणसं चालवली जातात, असं काहीसं तो म्हणाल्याचं त्या बैठकीला हजर असलेल्या तिबोदो यांनी नोंदवून ठेवलं आहे. परिषदेत १४ विरुद्ध १०, ट्रिब्युनेटमध्ये ५६ विरुद्ध ३८, विधिमंडळात १६६ विरुद्ध ११० अशी मतं पडली. ज्याच्या शब्दाबाहेर जायची फारशी कोणाची छाती नव्हती, त्याच्या कायद्याला एवढा विरोध म्हणजे मोठीच गोष्ट.

पण खेळणं नुसतं चमकणारं नव्हतं. सुरुवातीला पहिल्या पायरीच्या माणसाला वर्षाला २५० फ्रँक मिळत, ऑफिसरला हजार, कमांडरला दोन हजार, ग्रँड ऑफिसरला पाच हजार. पायरी पाहून पैसा! व्हियाने यांनी विचारलेला प्रश्न भाबडा नव्हता तो यामुळे. फक्त त्यांच्या वेळेपर्यंत हे मानधन सैनिकांपुरतंच उरलं होतं. तेही आज नावालाच आहे: शेव्हालिएला वर्षाला ६ युरो १० सेंट, ग्रँड क्रॉसला ३६ युरो ५९ सेंट. शेव्हालिएच्या रकमेत पॅरिसमध्ये दोघांची कॉफी होते, बसायला जागा नीट निवडली तर. पदक मात्र आजही बहुतेकांना स्वतःच्या खिशातून विकत घ्यावं लागतं.

१८१४ मध्ये नेपोलियन गेला आणि राजे परतले. अठराव्या लुईने हा किताब मोडीत काढावा अशी त्याच्या बाजूच्या लोकांची अपेक्षा होती. तो शहाणा निघाला. किताब तसाच ठेवला, फक्त ताऱ्याच्या मधोमध असलेला नेपोलियनचा चेहरा काढून तिथे पूर्वज चौथ्या हेन्रीचा बसवला, आणि जुना सेंट लुईचा किताबही पुन्हा सुरू केला. या काळात दोन्ही पदकं मिळालेल्यांत आपल्या ओळखीचा एक माणूस सापडतो: महादजी शिंद्यांचे कवायती कंपू उभे करणारा डी बॉयन. हिंदुस्थानात कमावलेली दौलत घेऊन तो आपल्या शांबेरी गावी जाऊन राहिला होता. मराठ्यांच्या नोकरीत नाव काढलेल्या सेनापतीला म्हातारपणी राजाने संताचा क्रूसही दिला आणि नेपोलियनचा ताराही. आज ताऱ्याच्या मध्यभागी ना नेपोलियन ना हेन्री. तिथे प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेली बाई आहे. चेहरे तेवढे बदलत गेले.

बायकांना मात्र अर्धं शतक वाट पाहावी लागली. पहिली मानकरी आंजेलिक द्युशमँ, १८५१ मध्ये. ती क्रांतीच्या लढायांत शिपाई म्हणून लढलेली, कॉर्सिकात जखमी झालेली. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या मुफ्तार भागातल्या सिस्टर रोझाली राँद्यू यांचं नाव आलं. व्हिन्सेंट डी पॉल यांच्या संघातल्या या धर्मभगिनीने शहराच्या सर्वांत दरिद्री वस्तीत पन्नास वर्षं काढली होती. पटकीच्या साथींत आणि १८४८ च्या रस्त्यावरच्या लढायांतही त्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांना किताब नाकारायचा होता. पण त्यांनी आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं, आणि संघाच्या प्रमुखांनी स्वीकारायला सांगितलं. सरकारने दिलेला मान चर्चच्या हुकमामुळे घ्यावा लागला, असा हा मासला. राजकारण दोन्ही बाजूंना कळत होतं. डिसेंबर १८५१ मध्ये बंड करून सत्ता बळकावलेल्या आणि पुढे तिसरा नेपोलियन झालेल्या माणसाला गरिबांच्या सिस्टरच्या पाठीशी उभं राहायचं होतं. तीन वर्षांनी आर्सच्या धर्मगुरूकडे तो वळला, त्यामागेही हाच हिशेब असावा.

याच सम्राटाने दिलेला आणखी एक तारा मात्र हिशेबापलीकडे जातो. अल्जीरियाचे अमीर अब्दुल कादिर हे सूफी घराण्यातले, धर्मशास्त्राचे पंडित. १८३२ पासून १८४७ पर्यंत त्यांनी फ्रेंच फौजांना सळो की पळो करून सोडलं. शरण आले ते पूर्वेकडे कुठेतरी जाऊ देण्याच्या वचनावर. फ्रान्सने वचन मोडलं आणि त्यांना तुलों, पो आणि अम्ब्वाजच्या किल्ल्यांत पाच वर्षं डांबून ठेवलं. सुटका १८५२ मध्ये, आणि काही काळाने ते दमास्कसला जाऊन स्थायिक झाले. तिथे जुलै १८६० मध्ये दंगल उसळली, ख्रिस्ती मोहल्ले पेटले. अमीर आपल्या अल्जीरियन माणसांना घेऊन रस्त्यावर उतरले, युरोपीय वकिलातींतल्या लोकांसह हजारो ख्रिश्चनांना त्यांनी आपल्या वाड्यात आणि गढीत आसरा दिला, जमावासमोर स्वतः उभे राहिले. आपण शरियतचं आणि माणुसकीचं कर्तव्य केलं, अशी त्यांची भूमिका होती. ज्या देशाने कैदेत टाकलं त्याच देशाने त्यांना लिजनची सर्वोच्च पायरी दिली. पोपनेही किताब पाठवला, ग्रीसने पाठवला, तुर्की सुलतानानेही. त्यांचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: पांढरा बुरनूस झगा, काळी दाढी, आणि छातीवर दाटीवाटीने लावलेली पदकं. आर्सच्या धर्मगुरूने तारा दुसऱ्याच्या हातात ठेवला आणि अमीरांनी तो मिरवला. यात कमीजास्त काही नाही. अमीरांच्या छातीवर तो तारा फ्रान्सलाच काहीतरी आठवण करून देत राहिला असेल.

पुढचा काळ किताबाच्या अब्रूचा नव्हता. १८८७ मध्ये उघडकीला आलं, की राष्ट्राध्यक्ष ज्यूल ग्रेव्ही यांचे जावई डॅनियल विल्सन सासऱ्यांच्या वाड्यात बसून पदकं विकत होते. सासऱ्यांना राजीनामा द्यावा लागला. जावई अपिलात सुटले, कारण वशिला विकणं हा गुन्हा म्हणून कायद्यात लिहिलेलाच नव्हता. तो नंतर, १८८९ मध्ये लिहिला गेला. मग ड्रायफस प्रकरण. देशद्रोहाच्या खोट्या आरोपावरून ज्यू असलेल्या या निरपराध कॅप्टनची १८९५ मध्ये पॅरिसच्या सैनिकी विद्यालयाच्या पटांगणावर सगळ्यांसमोर तलवार मोडण्यात आली. त्याची बाजू घेतली म्हणून कादंबरीकार एमिल झोलांचं लिजनचं सदस्यत्व स्थगित झालं. १९०६ मध्ये ड्रायफस निर्दोष ठरला, तेव्हा त्याला शेव्हालिएचा तारा देण्यासाठी त्याच विद्यालयाच्या आवारात नेलं गेलं.

त्याच्या आदल्या वर्षी, ९ डिसेंबर १९०५ ला, फ्रान्सने धर्म आणि राज्य यांची फारकत करणारा कायदा केला. आता प्रजासत्ताक कोणत्याही पंथाला मान्यता देणार नाही, पगार देणार नाही, अनुदान देणार नाही. १८०२ ची चालच मोडली. बिशप सरकारी नोकर उरला नाही, म्हणजे त्याच्या छातीवर तारा यायचं मूळ कारण संपलं.

तरी तारे यायचे थांबले नाहीत, आणि याला लवकरच महायुद्ध कारण झालं. फ्रान्समध्ये धर्मगुरूंनाही सक्तीची लष्करभरती होती. खंदकांत लढलेले, जखमी उचललेले पाद्री पदकं लावून परत आले. झग्यावरची ती लाल फीत आता धर्माची नव्हती, शिपायाची होती. हीच पळवाट पुढे रुळली. बिशपला बिशप म्हणून नव्हे, तर समाजाच्या उपयोगी पडला म्हणून मान द्यायचा. पॅरिसच्या मोठ्या मशिदीचे प्रदीर्घ काळ प्रमुख असलेले दलिल बुबाकर, प्रमुख रब्बी हाईम कोर्सिया, कैरोच्या कचरावेचकांच्या वस्तीत राहिलेल्या सिस्टर एमान्युएल, हे सगळे या यादीत आहेत. राज्य कोणत्याही धर्माला ओळखत नाही, पण धर्मप्रमुखांना नावानिशी ओळखतं. फ्रेंच माणसाला यात विसंगती दिसत नाही. मला थोडी दिसते.

दरम्यान यादी फुगत चालली होती. दोन महायुद्धांनंतर लिजनचे सदस्य तीन लाखांच्या घरात गेले, शिवाय मंत्रालयांनी आपापले छोटे किताब काढून ठेवलेले. कोणी टपालखात्याच्या सेवेसाठी, कोणी पर्यटनासाठी. राष्ट्राध्यक्ष द गोल यांना ही खोगीरभरती सहन होईना. त्यांनी लिजनची कमाल मर्यादा सव्वा लाखावर आणली, आणि ३ डिसेंबर १९६३ रोजी सोळा छोटे किताब बरखास्त करून त्यांच्या जागी एकच ‘राष्ट्रीय गुणवत्ता किताब’ स्थापला. लिजनसाठी साधारण वीस वर्षांची विशेष सेवा लागते, याला दहा. फीत निळी. पवित्र आत्म्याच्या किताबाचा आणि त्या प्रोटेस्टंटांच्या पदकाचा रंग असा प्रजासत्ताकाच्या कोटावर परत आला.

परदेशी माणसाला दिलेल्या लिजनचा नियम थोडा निराळा आहे. तो ‘सदस्य’ होत नाही, त्याला फक्त पदक मिळतं. जे. आर. डी. टाटांना १९८३ मध्ये हा मान मिळाला. ते जन्मले पॅरिसमध्ये, आई फ्रेंच, आणि तरुणपणी फ्रेंच सैन्यात काही काळ चाकरी केलेली. तरी नियम तोच. लता मंगेशकरांना ऑफिसरची पायरी मिळाली. सीरियाच्या बशर अल-असदनाही फ्रान्सने एकेकाळी ग्रँड क्रॉस दिला होता. २०१८ मध्ये तो काढून घेण्याची कारवाई सुरू झाल्यावर त्यांनी आपणहूनच परत पाठवून दिला.

फ्रेंच नागरिकाच्या बाबतीत नियम कडक आहे. एक वर्ष किंवा त्याहून जास्त तुरुंगवासाची शिक्षा कायम झाली, की सदस्यत्व जातं. जून २०२५ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांचं याच नियमाने गेलं. राष्ट्राध्यक्ष हा पदसिद्ध या किताबाचा प्रमुख असतो. म्हणजे एकेकाळी ज्यांच्या सहीने इतरांना मिळत होतं, त्यांचंच काढून घेतलं गेलं. अशी पाळी आलेले याआधीचे राष्ट्रप्रमुख म्हणजे मार्शल पेतँ.

आणि शेवटी एका धर्मगुरूची गोष्ट. आबे पियेर हे फ्रान्सचं जवळजवळ दैवत होतं. बेघरांसाठी ‘एमाउस’ ही चळवळ त्यांनी उभी केली. फेब्रुवारी १९५४ च्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत रेडिओवरून त्यांनी घातलेल्या सादेने अख्खा देश हलला. १९९२ मध्ये ग्रँड ऑफिसरची पायरी जाहीर झाली, तेव्हा बेघरांना घरं मिळत नाहीत तोवर हे पदक मी लावणार नाही, असं त्यांनी सरकारला सुनावलं. आर्सच्या धर्मगुरूचा प्रश्नच त्यांनी जवळजवळ एकशे चाळीस वर्षांनी पुन्हा विचारला होता. २००१ मध्ये त्यांनी पदक स्वीकारलं, २००४ मध्ये सर्वोच्च पायरी मिळाली, जानेवारी २००७ मध्ये ते गेले. जुलै २०२४ मध्ये त्यांच्याच संस्थांनी, त्यांनी लैंगिक अत्याचार केल्याचे अनेक स्त्रियांचे जबाब जाहीर केले. त्यांचं नाव धारण केलेल्या प्रतिष्ठानाने आपलं नाव बदललं, पुतळे आणि फलक उतरले. लाल फीत मात्र कोणाला काढता येत नाही. मृत्यूबरोबर सदस्यत्व आपोआप संपतं, आणि संपलेलं काढून घेण्याची तरतूद किताबाच्या नियमांत नाही.